एएमसी, डीएलपी, आरसीसीबी, सिंकिंग फंड: समुद्राकाठच्या इमारतीच्या कागदांतले हे शब्द नेमकं काय सांगतात?

कोकणात आगोट म्हणजे काय हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. मे उजाडला की घर शाकारायचं, फुटकी कौलं बदलायची, पन्हळी साफ करायच्या, पडवीला झाप बांधायचे, सरपण कोरड्या जागी रचायचं. मृगाच्या आत हे झालं नाही तर पुढचे चार महिने गळतीखाली भांडी लावत बसायची वेळ येते. देवगड तालुक्यातल्या चिरेबंदी घरांत ही कामं कोणी करायची, कधी करायची आणि खर्च कोणाचा, हे कुठेही न लिहिता ठरलेलं असायचं.

आता देवगड-जामसंडे परिसरात दुमजली-चौमजली इमारतीही दिसतात. त्यातले बरेच फ्लॅटवाले मुंबई-ठाण्यात असतात आणि गणपतीला, शिमग्याला किंवा आंब्याच्या दिवसांत येतात. कौलं गेली, स्लॅब, पंप, लिफ्ट आणि जनरेटर आले. आगोटीची कामं मात्र संपलेली नाहीत. ती करारांत, बिलांत आणि सोसायटीच्या ठरावांत जाऊन बसली आहेत, आणि तिथले शब्द वेगळेच आहेत. व्हॉट्सॲप ग्रुपवर 'लिफ्टची नॉन-कॉम्प्रिहेन्सिव्ह एएमसी रिन्यू करत आहोत' असा मेसेज येतो, वीस जण अंगठ्याचं चित्र टाकून मोकळे होतात आणि सहा महिन्यांनी सुट्या भागांचं बिल आलं की भांडण सुरू होतं. खाऱ्या हवेत अशी भांडणं लवकर येतात, कारण तिथे वस्तूच लवकर खराब होतात.

खारा वारा सळईपर्यंत कसा पोहोचतो?

सुरुवात 'एक्स्पोजर' या शब्दापासून करावी लागते. इमारत कुठल्या हवेत उभी राहणार आहे, त्यानुसार काँक्रीट किती ताकदीचं हवं हे ठरतं. काँक्रीटच्या बांधकामासाठी आपल्याकडे आयएस ४५६ हे मानक आहे, त्याची २००० सालची आवृत्ती वापरात आहे. त्यात हवेचे पाच वर्ग केले आहेत: माइल्ड, मॉडरेट, सिव्हिअर, व्हेरी सिव्हिअर आणि एक्स्ट्रीम. किनारपट्टीच्या हवेला उघडं असलेलं काँक्रीट 'सिव्हिअर' वर्गात मोडतं. समुद्राचे तुषार थेट अंगावर येत असतील तर 'व्हेरी सिव्हिअर'.

या वर्गाप्रमाणे दोन आकडे बदलतात. पहिला काँक्रीटच्या ग्रेडचा. सळई घातलेल्या काँक्रीटला माइल्ड हवेत किमान एम २० चालतं, सिव्हिअरमध्ये एम ३० लागतं आणि व्हेरी सिव्हिअरमध्ये एम ३५. 'एम ३०' म्हणजे १५० मिलिमीटरचा ठोकळा २८ दिवसांनी दाबून पाहिला, तर त्याने दर चौरस मिलिमीटरला ३० न्यूटन भार सोसला पाहिजे. दुसरा आकडा 'कव्हर'चा, म्हणजे सळईपासून काँक्रीटच्या बाहेरच्या पृष्ठभागापर्यंतच्या अंतराचा. माइल्ड हवेत २० मिलिमीटर, सिव्हिअरमध्ये ४५, व्हेरी सिव्हिअरमध्ये ५०. घाटावरच्या घराचा नकाशा आणि तिथलाच हिशोब जसाच्या तसा किनाऱ्यावर आणला की गडबड होते ती इथे. फ्लॅट घेताना टाइल्स कुठल्या कंपनीच्या हे सगळे विचारतात. ग्रेड आणि कव्हर किती धरलं आहे हे विचारणारा विरळा.

ताजं काँक्रीट अल्कधर्मी असतं. त्यामुळे आतल्या सळईवर एक पातळ संरक्षक थर तयार होतो आणि सळई गंजत नाही. हवेतल्या मिठातला क्लोराइड हळूहळू काँक्रीटमध्ये झिरपतो आणि सळईपर्यंत पोहोचला की तो थर तोडतो. न धुतलेली खारट वाळू वापरली असेल तर क्लोराइडला बाहेरून यावंच लागत नाही, तो पहिल्या दिवसापासून आतच असतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून तो आतून काँक्रीटला ढकलतो. आधी सळईच्या रेषेत बारीक चीर पडते, मग तांबूस डाग, मग खालचा भाग सुटून पडतो. आपण त्याला स्लॅबचे पोपडे पडणं म्हणतो, इंजिनिअर 'स्पॉलिंग' म्हणतात. यावर गिलावा मारून रंग दिला तर फक्त डोळ्यांसमोरून जातं. खरी दुरुस्ती म्हणजे सुटलेलं काँक्रीट काढणं, सळई घासून गंज काढणं, फार झिजली असेल तर नवी जोडणं, गंजरोधक लेप देणं आणि पॉलिमर मॉर्टरने भरणं. खांबच कमकुवत झाला असेल तर त्याभोवती नवं काँक्रीट चढवतात, त्याला 'जॅकेटिंग' म्हणतात.

हेच मीठ बाकीच्या धातूंनाही सोडत नाही. 'स्टेनलेस' लिहिलेल्या रेलिंगवर दोन पावसाळ्यांत चहाच्या डागांसारखे ओघळ दिसायला लागतात, तेव्हा फसवणूक झाली असंच वाटतं. बहुतेक वेळा तिथे ३०४ ग्रेड वापरलेला असतो. ३१६ ग्रेडमध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे तो क्लोराइडला जास्त टिकतो आणि महागही असतो. एसीच्या बाहेरच्या युनिटचं दुखणं याच जातीचं. त्यातल्या ॲल्युमिनिअमच्या पातळ पट्ट्या मिठाने झिजतात, गार करण्याची ताकद कमी होते आणि वीजबिल वाढतं. किनाऱ्यावर ते युनिट अधूनमधून गोड्या पाण्याने धुणं हीसुद्धा देखभालच आहे.

एसीचा विषय निघालाच आहे तर 'टन' म्हणजे एसीचं वजन नव्हे. हे माप बर्फाच्या काळातलं आहे. सुमारे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो तेवढी उष्णता खोलीतून बाहेर काढण्याची क्षमता म्हणजे एक टन, साधारण साडेतीन किलोवॉट. बंदरावर मासळीसाठी बर्फ घेणाऱ्यांना हे माप चटकन कळेल.

जबाबदारी कोणाची आणि कधीपर्यंत?

देवगडच्या दक्षिणेला, याच जिल्ह्यातल्या मालवणात राजकोट किल्ल्यावर छत्रपती शिवाजी महाराजांचा ३५ फुटी पुतळा ४ डिसेंबर २०२३ रोजी, नौदल दिनी उभा राहिला. २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला. त्याच्या काही दिवस आधी सार्वजनिक बांधकाम विभागाच्या मालवण कार्यालयाने नौदलाला पत्र पाठवून नट-बोल्ट गंजत असल्याकडे लक्ष वेधलं होतं. नंतर नेमलेल्या समितीच्या अहवालात गंज, सदोष वेल्डिंग आणि देखभालीचा अभाव यांचा उल्लेख असल्याच्या बातम्या आल्या. पुतळा म्हणजे इमारत नव्हे आणि त्यावरून झालेल्या राजकारणाचा इथे संबंध नाही. पण वस्तू एकाने उभारलेली, पाहणारा दुसरा आणि गंज दिसल्यावर पत्र लिहावं लागतं तिसऱ्याच दिशेला, ही स्थिती कुठल्याही इमारतीत येऊ शकते. ती येऊ नये म्हणून पुढचे काही शब्द आहेत.

'हँडओव्हर' म्हणजे बिल्डरने इमारत सोसायटीच्या ताब्यात देणं. किल्ल्या दिल्या की हँडओव्हर झाला असं समजलं जातं, तसं ते नाही. सोबत मंजूर नकाशे, भोगवटा प्रमाणपत्र, लिफ्टचा परवाना, पंप-जनरेटरची वॉरंटी कार्डं आणि 'ॲज-बिल्ट' नकाशे मिळायला हवेत. ॲज-बिल्ट म्हणजे ठरवलेलं नव्हे, तर प्रत्यक्ष केलेलं काम दाखवणारा नकाशा. भिंतीत पाइप कुठून गेला आहे हे त्यात नसेल तर प्लंबर अंदाजाने फोडत सुटतो आणि त्या फोडाफोडीचेही पैसे सोसायटीच देते.

'डीएलपी' म्हणजे दोष दायित्व कालावधी. या मुदतीत निघालेला बांधकामाचा दोष बांधणाऱ्याने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांत रचनेत, कामाच्या दर्जात किंवा सेवांमध्ये दोष आढळला आणि तो कळवला, तर प्रवर्तकाने ३० दिवसांत जादा पैसे न घेता तो दूर करायचा आहे. इथे 'कळवला' हा शब्द महत्त्वाचा आहे. तोंडी सांगणं किंवा ग्रुपवर फोटो टाकणं पुरावा म्हणून लंगडं पडतं. तारखेसह लेखी पत्र, फोटो आणि पोचपावती हवी. एक अडचणही आहे. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा सदनिका आठपेक्षा जास्त नसतील, तर त्या प्रकल्पाला महारेरात नोंदणीची सक्ती नाही. लहान गावातल्या बऱ्याच इमारती या मापात बसतात. अशा वेळी करारनाम्यात दोषांबद्दल काय लिहिलं आहे, ते सही करण्याआधी वाचणं भाग आहे.

'एएमसी' म्हणजे वार्षिक देखभाल करार. त्याचे दोन प्रकार असतात आणि सगळा गोंधळ त्यातल्या फरकाचा आहे. कॉम्प्रिहेन्सिव्ह करारात फेऱ्या, मजुरी आणि सुटे भाग असं सगळं धरलेलं असतं. नॉन-कॉम्प्रिहेन्सिव्हमध्ये माणूस येऊन तपासतो, तेलपाणी करतो; भाग बदलला तर त्याचं बिल वेगळं. दुसरा प्रकार स्वस्त दिसतो. पण खाऱ्या हवेत पॅनेलमधले कार्ड, दरवाजाचे रोलर आणि कॉन्टॅक्टर लवकर जातात, त्यामुळे तिथे स्वस्ताई वर्षाअखेरपर्यंत टिकेलच असं नाही. कॉम्प्रिहेन्सिव्ह करारातही 'वगळलेल्या बाबी' अशी यादी असते. ती बारीक अक्षरात, शेवटच्या पानावर सापडते.

तक्रार केल्यापासून किती वेळात माणूस आला पाहिजे, हे ज्या कलमात लिहितात त्याला 'एसएलए' म्हणतात. मुंबईत चार तास हे सहज लिहिलं जातं. देवगडात तंत्रज्ञ कणकवलीहून किंवा कोल्हापूरहून येणार असेल तर करारात तोच शब्द असूनही प्रत्यक्षात काय होणार, ते आधी विचारून घ्यावं.

आणि 'पीपीएम', म्हणजे नियोजित प्रतिबंधात्मक देखभाल. बिघडण्याआधी, ठरलेल्या तारखेला करायची कामं. याच्या उलट 'ब्रेकडाऊन मेंटेनन्स', बिघडल्यावर धावायचं. कोकणी माणसाला हे नव्याने शिकवायची गरज नाही. पीपीएम म्हणजे आगोटच. फक्त कौलांऐवजी गच्चीची जाळी, पंपाचं ग्रीस आणि जनरेटरची बॅटरी. घरातल्या आजीला कुठलं कौल कधी बदललं हे पाठ असायचं. इमारतीत ते काम 'ॲसेट रजिस्टर' आणि 'लॉगबुक' करतं: कुठलं यंत्र, कधी बसवलं, वॉरंटी कधीपर्यंत, शेवटचं काम कोणी केलं. दोनशे पानी वहीसुद्धा पुरते.

वीज: इथे शब्द चुकला तर जीव जाऊ शकतो

'एमसीबी' आणि 'आरसीसीबी' हे दोन्ही एकाच डब्यात बसतात, म्हणून एकच समजले जातात. एमसीबी तारेला वाचवतो. तारेतून तिच्या कुवतीपेक्षा जास्त प्रवाह गेला किंवा शॉर्टसर्किट झालं की तो पडतो. माणसाला शॉक बसताना जाणारा प्रवाह इतका कमी असतो की एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. माणसाला वाचवतो तो आरसीसीबी. गेलेला प्रवाह आणि परत आलेला प्रवाह यांत फरक पडला, म्हणजे वाटेत वीज कुठेतरी जमिनीकडे गळते आहे, हे ओळखून तो पुरवठा तोडतो. घरासाठी ३० मिलिअँपिअरचा घेतात. त्यावर 'टेस्ट'चं बटण असतं. ते दाबल्यावर तो पडला नाही तर बदलायचा. पावसाळ्यात आरसीसीबी सारखा पडतो म्हणून त्याला बगल देऊन जोडणी करून देणारे वायरमन भेटतात. सारखा पडतो आहे याचा अर्थ कुठेतरी ओल शिरली आहे, आणि ते शोधायला हवं.

'अर्थिंग' म्हणजे गळतीच्या विजेला जमिनीत जायला सोपी वाट. ओली माती ही वाट चांगली देते, कोरडा कातळ देत नाही. जांभ्याच्या सड्यावर बांधलेल्या इमारतीत पावसाळ्यात ठीक असलेलं अर्थिंग मे महिन्यात कमजोर पडू शकतं, शिवाय मिठाने जोडपट्टी गंजते ती वेगळीच. म्हणून अर्थपिटचा रोध मोजून घेतात, आणि ते मोजमाप उन्हाळ्यात घेतलेलं जास्त खरं.

मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गच्या किनाऱ्याजवळून गेलं. विजेचे खांब कोसळले, अनेक गावांत काही दिवस अंधार होता. अशा दिवसांत जनरेटर कामाला येतो आणि तिथे 'चेंजओव्हर स्विच' हा शब्द सगळ्यांत महत्त्वाचा ठरतो. हा स्विच एका वेळी एकच पुरवठा जोडतो, महावितरणचा किंवा जनरेटरचा. तो न बसवता जनरेटर थेट घराच्या वायरिंगला जोडला, तर वीज उलटी बाहेरच्या लाइनमध्ये जाते. ट्रान्सफॉर्मर तिचा दाब वाढवतो आणि लाइन बंद आहे असं समजून खांबावर चढलेल्या लाइनमनचा त्यात जीव जाऊ शकतो. मोठ्या इमारतीत हेच काम आपोआप करणारं 'एएमएफ पॅनेल' असतं.

जनरेटर 'केव्हीए'मध्ये विकला जातो, उपकरणं किलोवॉटमध्ये मोजली जातात. साधारण हिशोब ०.८ ने गुणायचा: १० केव्हीए म्हणजे सुमारे ८ किलोवॉट. पंपाची किंवा लिफ्टची मोटर सुरू होताना काही क्षण नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते, म्हणून काठोकाठ हिशोब करून घेतलेला जनरेटर नेमका तेव्हाच दम टाकतो. छतावरच्या सोलरबद्दलही एक गैरसमज आहे. बॅटरी नसलेलं, ग्रिडला जोडलेलं सोलर वीज गेल्यावर स्वतःही बंद होतं, भर उन्हातसुद्धा. कारण तेच, बाहेर काम करणारा लाइनमन सुरक्षित राहावा.

लिफ्टमधला 'एआरडी' वीज गेल्यावर बॅटरीवर लिफ्ट जवळच्या मजल्यापर्यंत नेऊन दार उघडतो. वर्षातला बराच काळ रिकामी असलेल्या इमारतीत ही बॅटरी कोणाच्या लक्षात नसते, आणि गणपतीत एकदम गर्दी होते. आगीबाबत, २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत येणाऱ्या इमारतींना 'फॉर्म बी' द्यावा लागतो. अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत आहे असं परवानाधारक एजन्सीचं हे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये, असं दोनदा लागतं.

पाणी

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. १०० चौरस मीटरची गच्ची आणि वर्षाला २,५०० मिलिमीटर पाऊस धरला, त्यातलं वीस टक्के वाया गेलं असं मानलं, तरी दोन लाख लिटर उरतात. 'रेन वॉटर हार्वेस्टिंग' म्हणजे हे पाणी टाकीत, विहिरीत किंवा जमिनीत घालणं. पहिल्या पावसातला कचरा आणि पक्ष्यांची विष्ठा टाकीत जाऊ नये म्हणून सुरुवातीचं पाणी वेगळं सोडायची सोय असते, तिला 'फर्स्ट फ्लश' म्हणतात.

सांडपाण्याचं गणित जास्त नाजूक आहे. 'सेप्टिक टँक' मैला साठवून कुजवतो, शुद्ध करत नाही. त्यातून बाहेर पडणारं पाणी 'शोषखड्ड्या'त जाऊन जमिनीत मुरतं. हा खड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर दूर असावा असं भारतीय मानक सांगतं. जांभा सच्छिद्र असतो, त्यात पोकळ्याही असतात. त्यातून पाणी कुठे निघेल याचा भरवसा नाही, म्हणून तिथे १८ मीटर हे कमाल नव्हे, किमान अंतर समजावं. 'एसटीपी' म्हणजे सांडपाणी खरोखर शुद्ध करणारा प्रकल्प. त्यातले जिवाणू जगायला रोज सांडपाणी आणि हवा लागते. निम्मी इमारत दहा महिने रिकामी असेल तर तो नीट चालणं अवघड.

पैसे: दरवर्षीचं भांडण

'आम्ही येणार वर्षातून पंधरा दिवस, लिफ्टचे पैसे पूर्ण का द्यायचे?' हा चाकरमान्यांचा नेहमीचा प्रश्न. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींचं उत्तर स्पष्ट आहे: लिफ्टचा खर्च ती ज्या इमारतीत आहे तिथल्या सगळ्या सदस्यांमध्ये समान वाटायचा, कोणी वापरो वा न वापरो. जिने झाडणं, वॉचमन, सामायिक वीज हे 'सेवा शुल्क'सुद्धा समान. मात्र इमारत सोसायटी नसून १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली असेल, तर सामायिक खर्च प्रत्येकाच्या अविभक्त हिश्श्याच्या टक्केवारीने वाटला जातो. लहान इमारतींत अनेकांना आपण यांपैकी कशात मोडतो हेच माहीत नसतं.

'बिनभोगवटा शुल्क' सदनिका भाड्याने दिली असेल तर लागतं आणि ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. नुसतं कुलूप लावून ठेवलेल्या फ्लॅटसाठी ते नाही, नावावरून तसं वाटलं तरी.

'सिंकिंग फंड' हा पुढे कधीतरी होणाऱ्या मोठ्या कामासाठीचा निधी. जमिनीची किंमत वगळून सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के दरवर्षी. 'दुरुस्ती व देखभाल निधी' नेहमीच्या दुरुस्त्यांसाठी, किमान ०.७५ टक्के. समजा बांधकाम खर्च १५ लाख असेल तर वर्षाला अनुक्रमे ३,७५० आणि ११,२५० रुपये. दोन्ही आकडे किमान आहेत. सर्वसाधारण सभेला ते वाढवता येतात, आणि किनाऱ्यावरच्या सोसायटीला किमान रकमेवर भागेल असं धरणं धाडसाचं आहे.

निधी कशावर खर्च करायचा हे 'स्ट्रक्चरल ऑडिट'वरून कळतं. आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी, त्याहून जुनीचं दर तीन वर्षांनी. त्यात इंजिनिअर हातोड्यासारख्या उपकरणाने काँक्रीटचा कठीणपणा पाहतो, ध्वनिलहरी सोडून आतल्या पोकळ्या शोधतो आणि 'हाफ-सेल' चाचणीने सळई गंजण्याची शक्यता जोखतो. ही शेवटची चाचणी डोळ्यांना काही दिसण्याआधीच इशारा देते, म्हणून समुद्राजवळ ती आवर्जून करून घ्यावी. पंधरा वर्षांची अट सगळ्या महाराष्ट्रासाठी एकच आहे. पोपडे दहाव्या वर्षी पडायला लागले तर पंधरावं वर्ष उजाडायची वाट पाहायला उपविधी सांगत नाहीत.

हे ठराव होतात वार्षिक सर्वसाधारण सभेत. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत ती घ्यावी लागते. गणपती साधारण ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत येतात आणि तेव्हा मुंबईकर सदस्य गावातच असतात. सभेची नोटीस १४ पूर्ण दिवस आधी द्यायची असते, म्हणून तिची तारीख श्रावणातच ठरवावी लागते.